धुळ्याची निळी फायनल

रशीदचाचा,

तुम्ही गेलात त्याला आज नऊ दिवस झाले, आणि माझं एक काम तुमच्याकडे राहून गेलं. तीन वर्षांपूर्वी धुळ्याच्या मैदानावर, चौदा पोरींच्या देखत, मी तुम्हाला जे बोलले ते मला मागे घ्यायचं होतं. दर खेपेला जळगावच्या एस.टी.त बसताना ठरवायचे, आज बोलायचंच. पारोळा येईपर्यंत वाक्य जुळवायचे, एरंडोल येईपर्यंत पाठ करायचे. मग मेहरूणला उतरून तुमच्या दुकानाची पायरी चढले की तुम्ही शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायचात, "या मॅडम. नवा शर्ट बघितला का अर्जेंटिनाचा? गळ्याची पार वाट लावली." की झालं आपलं भांडण सुरू. परतीच्या गाडीत बसल्यावर आठवायचं, अरे, बोलायचं राहिलंच.

आमचे हे म्हणाले, आता लिहून काय उपयोग? नसेना का उपयोग. मी खेळाची शिक्षिका आहे. सामना संपल्यावरही शिट्टी वाजवावीच लागते.

पंधरा वर्षांपूर्वी मी जळगावात नवी होते, नोकरी नवी, आवाज मात्र तेव्हापासून हाच. मुलींची फुटबॉल टीम काढायची म्हणून कपडे शिवून घ्यायला निघाले, तर एकेक दुकानदार विचारायचा, "मुलींचा फुटबॉल? खो-खोचे द्यायचे का?" तुम्ही शाळेचे गणवेश शिवणारे. तुम्ही एवढंच विचारलंत, "रंग?" मी घाईत म्हटलं, कोणताही चालेल. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "कोणताही म्हणजे? टीम आहे का गाठोडं?"

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. पण तुम्ही फळीवरून एक जुनी वही काढलीत आणि माझ्यासमोर उघडलीत. वहीभर अर्जेंटिना. वर्तमानपत्रांची कात्रणं, मासिकांतले फोटो, आणि प्रत्येक फोटोशेजारी उर्दूत आणि मराठीत तुमच्या टिपा: बाही अमुक, गळा तमुक, पट्टी इतकी रुंद. खेळाडूंची नावं कुठेच नाहीत. मी विचारलं, गोल कोणी केले ते कुठे लिहिलंय? तुम्ही म्हणालात, "ते बठ्ठ्यांना माहीत असतं." बठ्ठे म्हणजे सगळे, हा मी शिकलेला इथला पहिला शब्द.

शहाऐंशीचा वर्ल्डकप तुम्ही शेजाऱ्यांकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघितला होता. नुकतंच स्वतःचं मशीन घेतलं होतं तुम्ही. पडद्यावर पट्टे दिसत होते पण रंग दिसत नव्हता, आणि पुढे कितीतरी महिने ते पट्टे कुठल्या रंगाचे या विचाराने तुम्हाला चैन पडलं नव्हतं. मग रद्दीत एक रंगीत पान सापडलं. आभाळी आणि पांढरा. "मॅडम, मी लाल समजत होतो," असं सांगताना पंचवीस वर्षांनंतरही तुम्ही ओशाळला होतात.

त्या टीमचा सगळा इतिहास तुम्ही कापडावरून सांगायचात. अठ्ठ्याहत्तरला रुंद पट्टे, काळी चड्डी, मैदानभर कागदाचे कपटे आणि कप घरात. शहाऐंशीला फायनलला पट्टे, कप घरात. नव्वदला फायनलला निळा शर्ट घालावा लागला, हरले. चौदा सालीही फायनलला निळाच, हरले. "बघा," तुम्ही बोट नाचवत म्हणायचात, "फायनलला पट्टे असले की जिंकतात, निळा आला की गेलं. शर्ट खेळतो, मॅडम."

"चाचा, शर्ट खेळत नाही. माणसं खेळतात."

"शर्ट खेळतो."

मग मी तीस सालची फायनल काढायचे. पहिलावहिला वर्ल्डकप, अंगात पट्टेच, तरी उरुग्वेकडून हरलेच की! तुम्ही म्हणायचात, तेव्हाची शिलाई वेगळी होती, ते धरायचं नाही. चिलीकडून पट्ट्यांतच दोनदा फायनल हरले, त्याचं काय? तो वर्ल्डकप नव्हता, तेही धरायचं नाही. तुमच्यापुढे हात टेकायचे मी. पंधरा वर्षं हे भांडण चाललं आणि तुम्ही एक सूतभरही हटला नाहीत. मीही नाही हटले म्हणा.

पण एक गोष्ट तुम्ही सांगायला लागलात की मी भांडत नसे. शहाऐंशीच्या मेक्सिकोची. तिथे इंग्लंडशी सामना, भर उन्हाचा, आणि निळे शर्ट जाड, घाम धरणारे. मग कोणीतरी बाजारात जाऊन हलके निळे शर्ट विकत आणले, आणि तिथल्या शिवणाऱ्या बायकांनी रातोरात त्यांच्यावर बिल्ले शिवले. नंबर लावले ते भलत्याच कुठल्यातरी खेळाचे, चंदेरी, चमचमणारे. त्याच शर्टात तो एक गोल हाताने झाला आणि दुसरा अर्धं मैदान कापून. सगळं जग त्या दोन गोलांबद्दल बोलतं. तुम्ही मात्र म्हणायचात, "त्या बायकांचं नाव कुणाला माहीत आहे का? बिल्ल्याची टीप थोडी वाकडी आहे, फोटोत दिसते. घाईत होत्या बिचाऱ्या." हे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा. एकदा तरी अशी घाई आपल्या वाट्याला यावी, असं तुम्हाला मनातून वाटत होतं. ते मला उशिरा समजलं.

आमचे शर्ट तुम्ही छापील कधी केले नाहीत. आभाळी पट्टी, पांढरी पट्टी, पुन्हा आभाळी, अशी एकेक जोडून शिवायचात. मी म्हणायचे, चाचा, आजकाल छापून मिळतात, कशाला जीव काढता? तुम्ही म्हणायचात, छापलेला पट्टा म्हणजे डाग. माझी बदली धुळ्याला झाली तरी मी शर्ट तुमच्याकडूनच शिवून नेत राहिले. धुळ्यात काय शिंपी नव्हते? होते, चांगले होते. पण त्यांनी मला कधी विचारलं नसतं की यंदाची बचावफळी कशी आहे, म्हणजे बाही किती सैल ठेवायची ते ठरवता येईल.

जयश्रीची आजी आठवते का? आठवणारच. जयश्री म्हणजे माझ्या बचावफळीची भिंत, उंच, रुंद खांद्यांची, शेतातल्या कामाने घट्ट झालेली पोर. तिचं खेळणं आजीने बंद केलं. चड्डी बघून ती शाळेत आली आणि माझ्यावर कडाडली, "हाई काय शे मॅडम? पोर आमनी शे. बठ्ठा लोके देखतस!" मी समजावलं, मग ओरडले, मग पुन्हा समजावलं. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "अक्कांना दुकानात घेऊन या. मी काही बोलणार नाही. फक्त माप घेईन."

त्या दोघींना घेऊन मी जळगावला आले. तुम्ही अक्कांना खुर्ची दिलीत, चहा मागवलात, जयश्रीला समोर उभं केलंत आणि टेप अक्कांच्याच हातात दिलात. "अक्का, तुम्ही सांगा कुठवर. मी खडूने खूण करतो." अक्कांनी गुडघ्यावर बोट ठेवलं, मग म्हणाल्या, "आजून खाले." तुम्ही खूण पुसून खाली केलीत. "आजून खाले." पुन्हा खाली. चारदा झालं. मला हसू आवरेना, तुमच्या चेहऱ्यावर मात्र रेषसुद्धा हलली नाही. मग तुम्ही सहज विचारलंत, "अक्का, शेतात पाणी भरताना लुगडं कुठवर खोचता?" अक्का थबकल्या. जयश्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच खडू घेऊन गुडघ्याच्या जरा खाली रेघ मारली. "बस. आते खेळू द्या तिले." त्या दिवसापासून आमच्या टीमची चड्डी त्या रेघेवर शिवली जाते, चाचा. अजूनही. चार गावांतल्या पोरी त्या रेघेमुळे मैदानावर आल्या. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आज मानते, मनापासून.

त्याच्या आदल्या वर्षीच तुमच्या अर्जेंटिनाने वाळवंटात कप जिंकला होता, पट्ट्यांतच! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचा फोन. मला वाटलं काही बरंवाईट झालं. तर म्हणालात, "मॅडम, सगळे शर्ट पाठवा. तिसरा तारा लावायचाय." बिल्ल्यावरच्या दोन ताऱ्यांचे तीन करायचे होते तुम्हाला, आणि तेही आमच्या शाळेच्या टीमच्या शर्टांवर! मी म्हटलं, चाचा, कप आम्ही जिंकला नाही. तुम्ही म्हणालात, "शर्ट जिंकला ना?" मेहरूणमध्ये तुम्ही त्या दिवशी पेढे वाटले, हे चाचींनी मला सांगितलं.

आता त्या दिवसाकडे यायला हवं.

जिल्ह्याची शालेय फायनल होती, धुळ्यात, दुपारी चारला. जिंकणारी टीम नाशिकला विभागीय स्पर्धेला जाणार. माझ्या पोरींपैकी बऱ्याच जणींनी नाशिक बघितलेलंही नव्हतं. तुम्ही सकाळच्या गाडीने आलात, पांढराशुभ्र कुर्ता, खिशात टेप. मी चिडवलं, मॅच बघायला टेप कशाला? तुम्ही म्हणालात, "डॉक्टर काय स्टेथोस्कोप घरी ठेवतो?"

बाराच्या सुमाराला समोरची टीम आली. त्यांच्याही अंगात अर्जेंटिना! कप जिंकल्यापासून बाजारात जिकडेतिकडे तेच तयार शर्ट लटकत होते, त्यांच्या सरांनी घाऊक आणले होते. तुम्ही जवळ जाऊन एका मुलीच्या पाठीवरचं कापड बोटांत धरून बघितलंत आणि परत येऊन अतिशय दुखावल्या आवाजात म्हणालात, "छापील आहे. आणि दोनच तारे."

पंचांनी सांगितलं, एका टीमने रंग बदलायचा, नाणेफेक करू. आम्ही हरलो. चार वाजेपर्यंत दुसरे शर्ट आणा, नाहीतर सामना त्यांना. मी डोक्याला हात लावून बसले. आणि वर बघते तर तुम्ही हसताय! असे हसताना मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. "मॅडम," तुम्ही म्हणालात, "मेक्सिको!"

तुम्ही बाजारात गेलात, गडद निळे टी-शर्ट घेऊन आलात, सगळे एकाच मोठ्या मापाचे, कारण तेवढेच होते. मैदानामागे एक ताई ब्लाऊज शिवायच्या, त्यांना गाठून त्यांचं मशीन मिळवलंत. नंबरांसाठी पांढरा मांजरपाट आणलात. मला म्हणालात, "पोरींची यादी द्या आणि तुम्ही तुमचं बघा." मी हजेरीच्या कागदावरची नावं तुमच्या हातात कोंबली आणि पोरींना सराव द्यायला पळाले.

ती यादी मी दिली, चाचा. नावं होती, नंबर नव्हते. कोणी कोणता नंबर घालायचा हे फक्त पंचांकडे दिलेल्या कागदावर होतं आणि माझ्या डोक्यात. हे मी परवापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आणि तुम्ही काय केलंत? नंबर नसलेली यादी बघून तुम्हाला वाटलं, मॅडमनी अठ्ठ्याहत्तर धरलंय! अठ्ठ्याहत्तरला अर्जेंटिनाने नंबर आडनावांच्या अक्षरक्रमाने दिले होते, गोलकीपरच्या पाठीवर पाच होता, ते तुम्हीच मला दहा वेळा सांगितलेलं. तुम्ही बाराखडी लावलीत. आफरीन एक, उज्ज्वला दोन, कविता चार, अशी ओळीने. एकेक पोर बोलावून, अंगावर शर्ट चढवून, दोन्ही बाजूंनी नजरेच्या मापाने आत घेऊन टीप मारलीत. पोरींना कळत होतं की आपला नंबर हा नाही. पण त्यांना वाटलं मॅडमनीच बदलले, आणि मॅडमना विचारायची कोणाची टाप होती?

पावणेचारला तुम्ही त्यांना रांगेत घेऊन आलात. निळे शर्ट, पाठीवर पांढरे नंबर, प्रत्येकीला बेतून बसलेले. खरं सांगते, इतकी देखणी टीम मी त्याआधी आणि त्यानंतर बघितली नाही. तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि कुर्त्यावर निळे धागे चिकटले होते.

पंचांनी कागद लावून बघितला. एकही नंबर जुळेना. कागद बदलता येणार नाही म्हणाले, शर्ट बदला. पोरींनी आपापसांत शर्ट बदलले, आणि तुमचं सगळं माप कोसळलं. जयश्रीच्या वाट्याला चार नंबर आला, म्हणजे काडीसारख्या कविताच्या मापाचा. तिने तो कसाबसा चढवला. उत्तरार्धात थ्रो टाकायला दोन्ही हात वर केले आणि शर्ट काखेतून कमरेपर्यंत उसवला. मैदान हसलं. समोर तिची आजी बसलेली. त्यानंतर जयश्री एक हात अंगाशी दाबून खेळली. दोन वेळा मी बदली खेळाडू द्यायला निघाले, ती मानेनेच नाही म्हणाली. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना तिच्याच बाजूने चेंडू आला, ती हात न सोडता धावली, अर्धं पाऊल कमी पडलं. गोल. एक-शून्य.

पोरी रडत होत्या. तुम्ही सुई-दोरा घेऊन जयश्रीकडे निघाला होतात, सामना संपल्यावरसुद्धा. आणि माझं तोंड सुटलं. "राहू द्या आता! हे मेक्सिको नाही, चाचा. पोरी नाही हरल्या, तुमच्या शर्टाने हरवलं आम्हाला!"

तुम्ही सुई कुर्त्याला टोचून ठेवलीत. "खरं आहे," एवढंच म्हणालात, आणि सहा वाजताच्या गाडीने गेलात.

महिन्याभराने मी शर्टांची ऑर्डर घेऊन आले, तेव्हा तुम्ही चहा मागवलात. आपण पुन्हा भांडायला लागलो, तीस साल, चिली, गळे, बाह्या. त्या दिवसाचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही. मी अपराधी होते म्हणून, आणि तुम्ही दुखावलेले होतात म्हणून, असं मी तीन वर्षं धरून चालले.

परवा मी तुमच्या घरी आले होते. चाची आतल्या खोलीत बसल्या होत्या. शेजारच्या बायका उठून गेल्यावर मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. यादीचंही सांगितलं. म्हटलं, चाची, त्यांच्यापाशी बोलायचं होतं, तुमच्यापाशी बोलते. ते वाक्य मी मागे घेते.

चाचींनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. मग म्हणाल्या, "दो दिन किसी से नहीं बोले. मशीनलाही हात लावला नाही. मी घाबरले होते." माझी मान खाली गेली. "तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता एकदम हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. म्हणे, बारा वर्षं ती बाई म्हणते शर्ट खेळत नाही, शर्ट खेळत नाही. आणि परवा बठ्ठ्यांसमोर कबूल करून बसली! म्हणाली, तुमच्या शर्टाने हरवलं! जो आला त्याला सांगायचे, मॅडम ने मान लिया."

मी म्हटलं, मग मला कधीच कसं बोलले नाहीत?

चाचींनी पदराने डोळे पुसले, आणि तशाच डोळ्यांनी हसल्या. "मी म्हणायची, मॅडमना सांगा की, उगाच मनाला लावून घेत असेल ती. तर म्हणायचे, नको, तिला आठवण करून देऊ नको. ती शब्द मागे घेईल."

चाचा, मी मागे घेत नाही.